पोती बाजारात, पुडा दप्तरात

"मॅडम, पोरीला कुठली पावडर सुरू करावी?" निवृत्त झाले तरी हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. पोरगी खो-खो खेळत असते, तालुक्याच्या संघात निवड झालेली असते, आता जिल्ह्याला जायचं असतं. प्रोटीनशिवाय पुढं टिकाव लागत नाही, असं कुणीतरी तिच्या बापाच्या कानावर घातलेलं असतं. सांगणाऱ्याचं म्हणणं खोटं नसतं. पण प्रोटीन म्हणजे दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र असलेला काळा डबा आणि किंमत दोन-अडीच हजार, एवढीच त्याची माहिती. विचारणारा बाप स्वतः नुकताच आडतीवर सोयाबीन घालून आलेला असतो. घरात हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी, कोठीत तूर, माळ्यावर शेंगा. आणि पोरीच्या दप्तरात काय, तर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत लेकरांच्या खाण्यात प्रथिनांची जी तूट आहे, ती फार मोठी नाही. ती सकाळ-संध्याकाळच्या जेवणात भरून काढायला गेलं तर अवघड जातं, कारण तिथं आजीची चव, बापाची घाई, गॅसची टाकी आणि महिन्याचा किराणा या सगळ्यांचं मत चालतं. पण दुपारी चार-साडेचारच्या खाण्यावर कुणाचाच हक्क नसतो. शाळा सुटलेली असते, स्वयंपाकाला वेळ असतो आणि लेकरू हाताला लागेल ते तोंडात टाकतं. तेवढं 'हाताला लागेल ते' बदललं तरी काम भागतं.

मी कळंब तालुक्यात क्रीडाशिक्षिका होते. आमच्या जिल्ह्याला खो-खोचं वेड आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. तेव्हापासून पोरींना मोटारसायकलवर बसवून मैदानावर आणून सोडणारे बाप वाढले, हे मी डोळ्यांनी बघते आहे.

सारिकानं पुरस्काराच्या वेळी सांगितलं होतं, की एकेकाळी तिनं एका वेळच्या जेवणावर दिवस काढलेत. आता हे उदाहरण प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकायला मिळतं. पाहुणे ते अशा थाटात सांगतात, की जणू उपाशी राहणं हा सरावाचाच भाग होता. मला त्याचा राग येतो. तिच्या पोटात तेव्हा नीट अन्न पडलं असतं तर ती कुठवर गेली असती, हा प्रश्न त्या व्यासपीठावर कुणी विचारत नाही.

खो-खो बघणाऱ्याला वाटतं, हा पळण्याचा खेळ. खेळणारीला विचारा. आक्रमणात चौकोनात उकिडवं बसायचं, पाठीवर खो पडला की तिथूनच सुटायचं, खांब गाठायचा, सूर मारायचा, धुळीतून उठायचं आणि पुन्हा जाऊन बसायचं. मांड्या आणि गुडघे यांच्यावर सगळा भार. सरावात स्नायूंची जी झीज होते ती भरून यायला प्रथिनं लागतात आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर स्वतःही वाढत असतं. म्हणजे दुहेरी मागणी.

आता नववीतल्या पोरीच्या खाण्याचा ढोबळ हिशोब मांडू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० साली ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिनं हवीत, १६ ते १८ वर्षांच्या मुलीला ४६. हे साध्या, न खेळणाऱ्या मुलीचं झालं. आमची पोरगी सकाळी चहासोबत एक भाकरी खाते, त्यातून आठ-नऊ ग्रॅम मिळतात. डब्यात दोन चपात्या आणि बटाट्याची नाहीतर वांग्याची भाजी, पुन्हा आठ. रात्री भाकरी आणि आमटी. आमटी म्हणजे वाटीत बघितलं तर तळ दिसावा अशी. तिथं बारा-तेरा. बेरीज तिशीच्या आसपास. मधल्या वेळेत बिस्किटाचा पुडा खाल्ला तर त्याचे दोन-तीन. तूट उरली दहा ते पंधरा ग्रॅमांची.

त्यात एक मेख आहे. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात पळीत किती डाळ येते हा वेगळा विषय, पण काहीतरी तर पोटात जातं. मूल नववीत गेलं की तेही बंद. नेमकं ज्या वयात शरीराची मागणी वाढते, त्याच वर्षी सरकारी ताट काढून घेतलं जातं. नववीच्या पहिल्या तीन महिन्यांत पोरी मैदानावर लवकर दमायला लागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पालक म्हणायचे, अभ्यासाचा ताण. मी विचारायचे, दुपारी काय खाल्लं? पोरगी खाली बघायची.

तर दहा ते पंधरा ग्रॅम. एक मोठी मूठ फुटाणे म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं. तेवढेच भाजलेले शेंगदाणे घेतले तर सात. दोन मुठींत हिशोब मिटला. घरचा हरभरा भडभुंज्याकडं नेऊन फुटाणे करून आणले तर खर्च भट्टीच्या मजुरीपुरता. विकत आणले तरी पंधरा-वीस रुपयांच्या फुटाण्यांत तेवढी प्रथिनं येतात जेवढी त्या काळ्या डब्यातल्या एका चमच्यात असतात, आणि तो चमचा पडतो सत्तर-ऐंशी रुपयांना. राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही प्रोटीनच्या पावडरी टाळा असं स्पष्ट सांगितलं आहे. तरी डबे खपतात. डब्याला जाहिरात आहे, फुटाण्याला नाही.

फुटाण्याची आमच्याकडं आणखी एक पंचाईत आहे. त्याला दोनच ठिकाणी मान मिळतो, जत्रेच्या प्रसादात आणि दारूच्या बाटलीशेजारी. येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत चुरमुरे-फुटाण्यांच्या राशी लागतात, सगळं गाव पिशव्या भरून आणतं, चार दिवस खातं आणि मग वर्षभर त्याचं नाव नाही. पाहुण्यापुढं फुटाणे ठेवले तर यजमानीण ओशाळते, बिस्किटं ठेवली तर तिचा मान राहतो. आमच्या एका पोरीनं मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, मैत्रिणी पुडा फोडतात आणि मी खिशातनं फुटाणे काढले की हसतात." यावर पोषणशास्त्राचं भाषण देऊन उपयोग नव्हता. मी मैदानाच्या कडेला एक पत्र्याचा डबा ठेवला. त्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, थोडे तीळ आणि गुळाचे खडे. सराव संपला की सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं, मॅडमनंही. सगळ्याच खायला लागल्यावर हसायचं कुणी?

फुटाण्यानं गॅस होतो, शेंगदाण्यानं पित्त होतं, ही तक्रार पालकसभेत हमखास येते. एकदम पसाभर खाल्लं तर होणारच. सवय नसलेल्या पोटाला अर्ध्या मुठीपासून सुरुवात करावी, चावून खावं, वर पाणी प्यावं. सरावाच्या तासभर आधी थोडं, उरलेलं सरावानंतर. शेंगदाणा मात्र निवडून घ्यावा. सुरकुतलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा सरळ फेकून द्यावा, कारण बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं विष भाजल्यानंही पुरतं जात नाही. पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातात अख्खा फुटाणा किंवा शेंगदाणा देऊ नये, घशात अडकतो. त्याला कूट करून गुळात मळून द्यावं.

ज्यांच्या घरी थोडा वेळ आहे त्यांना मी घुगऱ्या सुचवते. बारशाला आपण वाटतो त्याच. रात्री हरभरा भिजत घालायचा, सकाळी पाणी ओतून नव्या पाण्यात मीठ, चिमूटभर हिंग आणि ओवा टाकून बोटानं चेपला जाईल असा शिजवायचा. दुपारी लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, जिरं, ठेचलेला लसूण आणि त्यावर घुगऱ्या परतायच्या. पाणी आटून दाण्याला कोरडी साल धरली की उतरवायच्या. वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू. मटकीच्या, हुलग्याच्याही अशाच होतात. हुलगा म्हटलं की आजची पोरं नाक मुरडतात, पण त्याच हुलग्याचे शेंगोळे रस्सा भुरकत खातात. वाटीभर घुगऱ्यांत आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं सहज येतात.

घाईच्या घरांसाठी आपल्या मराठवाड्याचा सुशीला आहेच. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला पोटाला हलका, पण नुसता चुरमुरा म्हणजे पीठच. त्यात डाळव्याचं कूट सढळ हातानं घातलं आणि वर शेंगदाणे टाकले तर त्याला अर्थ येतो. आमच्या आईच्या पिढीतल्या बायका डाळव्याच्या कुटाशिवाय सुशीला करत नसत. हल्ली हॉटेलात तो पोह्यासारखा पिवळा करून देतात, त्यातून कूट गायब.

धान्य आणि कडधान्य एकत्र खाण्यामागं कारण आहे. ज्वारी, बाजरी, गव्हात प्रथिनं असतात, पण त्यांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो आणि त्यांच्यात जे कमी असतं ते धान्यात मिळतं. हे शास्त्र पुस्तकात यायच्या कितीतरी आधी आमच्या शिवारात शिजत होतं. येळवस आठवा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातली वेळा अमावास्या म्हणजे आमची येळवस. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत, सोलापूरच्या काही भागांत आणि सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीकडं त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, अंबील शिंपडायची आणि मग शिवारातच पंगत. त्या पंगतीत भज्जी असते. शहरातल्या माणसाला भज्जी म्हटलं की कांदाभजी आठवते, तिचा हिचा काही संबंध नाही. ही भज्जी म्हणजे त्या दिवशी रानात जे जे हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, घेवडा, हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगं, हिरवी मिरची. शेंगदाणे, तीळ, चिंचेचा कोळ. आणि हे सगळं धरून ठेवायला ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ. पातेलं एवढं मोठं की उलथन्यानं ढवळताना बाईला उभं राहावं लागतं. सोबत सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, आणि ज्वारीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी आणि मडक्यातली अंबील, म्हणजे आंबवलेलं ताक आणि ज्वारीचं पीठ. पाच-सहा कडधान्यं, दोन धान्यं, तेलबिया, दूधदुभतं. एवढं भरलेलं ताट आहारतज्ज्ञाला कागद-पेन्सिल घेऊन मांडता येणार नाही.

येळवशीचं कौतुक करणारे लेख दरवर्षी छापून येतात, माझं त्यावर समाधान होत नाही. वर्षातून एकदा भज्जी खाऊन तीनशे चौसष्ट दिवस वांग्या-बटाट्यावर काढायचे, याला परंपरा जपणं कसं म्हणायचं? भज्जी दुसऱ्या दिवशी शिळी जास्त गोड लागते हे सगळ्यांना माहीत आहे. मग तीच लहान पातेल्यात, आठवड्यातून एकदा, पाव किलो वाटाणा-तुरीच्या दाण्यांची, दुपारच्या खाण्याला का नको? डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने आपल्याकडं रान स्वतः वाढायला उभं असतं. बांधावर हुरडा भाजतात, हरभऱ्याचे डहाळे विकायला येतात, ते भाजून केलेल्या हावळ्याचा धूर गावभर पसरतो. हावळ्यानं तोंड आणि बोटं काळी करून सरावाला आलेल्या पोरींना मी कधी रागावले नाही. हुरड्यासोबत तिळाची, जवसाची, कारळाची चटणी असते, तीही हिशोबात धरा. दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-बापांसोबत गेलेल्या लेकरांचा सराव तर सुटतोच, खाणंही सुटतं. त्यांच्या गाठोड्यात आठवडाभर टिकणारी शेंगदाण्याची चटणी हाच काय तो आधार असतो.

दुधाचं काय, असं कुणी विचारेल. भूम, परंडा, वाशी भागात दूध उदंड आहे. तिथल्या खव्याच्या भट्ट्या प्रसिद्ध, कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अभिमानाची गोष्ट. पण ज्या घरात तीन म्हशी आहेत त्या घरातलं लेकरू दूध फक्त चहात बघतं, हेही खरं. सगळं दूध भट्टीवर किंवा डेअरीला घालायचं आणि बिलाच्या पैशातून चहाची पूड आणि बिस्किटं आणायची. एक पेला दूध मागं ठेवलं तर बिलात फरक पडेल दहा-बारा रुपयांचा. त्याचं दही लावून दुपारी धपाट्यासोबत द्यावं. धपाट्यात ज्वारीच्या पिठाबरोबर मूठभर हरभऱ्याचं पीठ घातलं की झालं. आणि हो, ते दही घरातल्या मुलाला आणि मुलीला सारखंच मिळावं. हे लिहावं लागतंय याची मला लाज वाटते, पण घराघरांत जाऊन आलेल्या बाईला ते लिहावंच लागतं.

उपवासाबद्दलही बोलायला हवं. शालेय स्पर्धा पावसाळा सरता सरता सुरू होतात आणि मध्येच नवरात्र येतं. तुळजापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळं नऊ दिवसांचे उपवास आमच्या मुली श्रद्धेनं करतात, पोरं तर तुळजापूरहून ज्योत घेऊन धावत गावाकडं येतात. मी कुणाला उपवास सोडायला सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, ते निव्वळ पिष्ट. खिचडीत चवीपुरतं कूट घालण्याऐवजी शेंगदाण्याचा लाडू खा, दही खा, राजगिऱ्याची चिक्की नव्हे तर राजगिऱ्याची भाकरी खा, भगरीबरोबर शेंगदाण्याची दाट आमटी घ्या. देवीची त्याला हरकत नाही, तिच्या शास्त्रात हे सगळं उपवासाला चालतंच.

आता अंडं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं, तीही सहज पचणारी, किंमत सात-आठ रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. काही लोकांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या, असं शाळांना कळवलं. निधी काढून घेणं चूक होतं, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडं माळकरी घरं पुष्कळ, गोरोबाकाकांचं तेर याच जिल्ह्यात. ज्यांना अंडं चालत नाही त्यांच्यावर ते लादू नये हे मान्य. पण त्यांच्यासाठी पर्याय म्हणून काय दिलं, तर केळं! केळं चांगलं फळ आहे, पण त्यात प्रथिनं एखादा ग्रॅम. ज्या कारणासाठी अंडं द्यायचं, ते कारणच पर्यायात उरलं नाही. इथं फुटाणे-शेंगदाण्याची पुडी द्यायला हवी होती. ती टिकते, सोलावी लागत नाही, कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही व्रताच्या आड येत नाही आणि हरभरा तर आमच्याच शेतकऱ्याचा. सरकारनं ती आठवीवर न थांबवता दहावीपर्यंत न्यावी, ही माझी मागणी आहे. मटणाचं मी बोलत नाही. उस्मानाबादी शेळीचं नाव जिल्ह्याचं नाव बदलल्यावरही देशभर तसंच चालू आहे, पण तिचं मटण आमच्या घरांत रविवारी शिजलं तर शिजलं.

शेवटी सोयाबीनकडं येते, कारण खरा विरोधाभास तिथं आहे. खरिपात जिल्ह्याच्या कुठल्याही रस्त्यानं जा, दोन्ही बाजूंना सोयाबीनच. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हरभऱ्याच्या दीडपटीहून जास्त. २०२५-२६ साठी सरकारनं हमीभाव ठरवला क्विंटलला ५,३२८ रुपये आणि तेवढाही भाव पदरात पडावा म्हणून शेतकऱ्याला खरेदी केंद्रावर रांग लावावी लागते. म्हणजे ५३ रुपये किलोनं प्रथिनं विकायला आपण रांगेत उभे राहतो. माल लातूरच्या बाजारात जातो, तेल निघतं, उरलेली पेंड कोंबडीच्या खाद्यात जाते. कोंबडीला प्रथिनांचं महत्त्व कळतं. तिनं घातलेलं अंडं आपण खायचं की नाही, यावर आपण वाद घालतो. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र सोयाबीनचा एक दाणा शिजत नाही.

न शिजण्याला कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, त्यामुळं ज्यानं कधी दाणे नुसते कोरडे भाजून खाल्ले त्याचं पोट बिघडलं आणि त्यानं गावभर सांगितलं. दुसरं कारण वास. भिजत घातलं की हिरवट, कडधान्याला न शोभणारा वास सुटतो. दोन्हींवर उपाय एकच, उकळत्या पाण्याची उष्णता. आमच्या मैदानावर आता सोयाबीन खाल्लं जातं, त्याची कृती लिहून ठेवते.

पाव किलो सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावं. दाणा फुगून दुप्पट लांबोडका होतो. सकाळी ते पाणी फेकून द्यावं, दाणे हातानं चोळावेत, सालं वर तरंगतात ती ओतून टाकावीत. दुसरीकडं पातेल्यात पाणी खळखळ उकळत ठेवावं, त्यात मीठ आणि हळद. उकळी आल्यावरच दाणे टाकायचे. थंड पाण्यात टाकून तापवत नेले की वास बसतो, थेट उकळत्यात टाकले की बराचसा जातो. अर्धा तास शिजू द्यावेत, मग चाळणीत उपसून सुती कापडावर पसरावेत. हाताला ओल लागेनाशी झाली की लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायला घ्यावेत. इथं घाई करू नये. आधी दाणा मऊ लागतो, मग चिवट, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी कढईत हलवताना त्याचा खडखड आवाज यायला लागतो. तो आवाज आला की खाली उतरवून गरम असतानाच तिखट, मीठ, थोडं काळं तिखट आणि आमचूर चोळायचं. गार झाल्यावर कुरकुरीत होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात. पंचवीस ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठ, आणि प्रथिनं आठ-नऊ ग्रॅम. कुरकुरीतपणात हे दुकानातल्या पुड्याला हार जात नाहीत, असा निकाल आमच्या सातवीतल्या मुलींनी दिला आहे आणि त्या चवीच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक परीक्षक आहेत.

इतका खटाटोप नको असेल तर भिजवून-उकडून वाळवलेलं सोयाबीन दळणात टाका, दहा किलो गव्हाला एक किलो. चपातीची चव बदलत नाही. किंवा किराणा दुकानातली सोयावडी आणा, तिच्यात तर निम्म्याहून अधिक प्रथिनंच असतात. गरम पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-लसणावर परतली की दहा मिनिटांत वाटी तयार. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि सोयाबीन यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच वाढवू नये.

एक गोष्ट मात्र कुणी विसरू नका. खायचं सोयाबीन म्हणजे मळणीनंतर घरात आलेला माल. पेरणीतून उरलेलं, पिशवीतलं, गुलाबी-लाल रंग दिलेलं बियाणं कितीही महाग पडलेलं असो, ते धुऊन-पुसूनही खाऊ नका आणि जनावरालाही घालू नका. त्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं. ती पिशवी घरात धान्याच्या कोठीजवळ ठेवूच नका, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी वेगळी, उंचावर ठेवा.